दुधाची गाठ

कमला म्हंजे माझी बायको. तिच्यासोबत शेवटचं साधंसुधं काम केलं ते चादर पिळायचं. गुढ़ियारी मोहल्ल्यातल्या आमच्या अंगणात एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. पिळता पिळता तिच्या हातून टोक सुटलं. म्हणे, "बगलेत गाठ दुखून राहिली."

पहिला डॉक्टर म्हणे, "कुछ नहीं, चरबी की गांठ है." तो ब्रेस्ट कॅन्सर निघाला, म्हंजे छातीचा. दिवाळी तिनं पाहिली नाही. तवापासून कोणी "कुछ नहीं" म्हटलं का मी उठून जातो.

पोरगी संध्या बाळंतपणाले माझ्याकडेच आली. तिले सासू नाही, आता आईही नाही. करणारा मीच. बाळ झाल्यावर एक दिवस ती कण्हतच उठली. अंगात ताप, छाती एका बाजूनं लाल. शेजारच्या काकूनं आत जाऊन पाहिलं आन बाहेर येऊन म्हणे, "भाऊजी, गाठ आहे."

गाठ म्हटल्यावर मले कमलाच आठवली. संध्याले म्हटलं, "पाजू नको. बिमारी दुधातून लेकराले जाईन." डब्याचं दूध आणलं. बाळ बाटली तोंडात धरेना. पोरगी रडे, बाळ रडे. दुसऱ्या दिवशी ताप अजून चढला, तवा दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई नागपूरकडची, तरुण. तपासून म्हणे, "मॅस्टायटिस आहे." म्हंजे दूध अडकते, छाती सुजते, तिथं गाठ होते.

"पाजणं कोणी बंद केलं?"

"मी."

"म्हणूनच वाढलं, बाबूजी. दुखऱ्या बाजूनंही पाजू द्या. गोळ्या देते, त्या बाळाले चालतात."

मग सांगत बसली. आईच्या दुधानं लेकराले हगवण कमी लागते, छातीत कफ कमी होते. आईची गर्भपिशवी लवकर आकसते. छातीचा कॅन्सर व्हायचा धोकाही कमी होते.

इथं माझं डोकं फिरलं. "बाई, माझ्या बायकोनं दोन लेकरं पाजली. त्याच रोगानं गेली. कोणाले शिकवता?"

ती चिडली नाही. "धोका कमी होते म्हटलं, मिटते नाही म्हटलं. हेल्मेट घालूनही माणूस मरते. म्हणून जावयाले हेल्मेट काढ म्हणता काय?"

संध्या तापातही हसली. "पापा, अब चुप बैठो."

"आन गाठ राहिली तर?" मी विचारलं.

"शंका आहे ना, उद्याच सोनोग्राफी करून टाका. पण आज लेकरू उपाशी ठेवू नका."

ही बाई "काही नाही" म्हणाली नाही, म्हणून मी ऐकलं.

ज्यायच्या घरी असं होईन त्यायले सांगतो. गाठ दुधाची का दुसरी, हे घरी बसून ठरवू नका. दाखवा. आन दाखवेपर्यंत लेकराचं तोंड बांधू नका.

संध्यानं गोळ्या घेतल्या, रातभर पाजलं. सकाळी ताप उतरला होता, गाठही मऊ पडली होती. संध्या म्हणे, "पापा, अब रहने दो न." मी ऐकलं नाही, ऑटो बोलावला.

सोनोग्राफी म्हंजे वरून जेली लावून यंत्रानं आतलं पाहणं. आमचा नंबर पुकारला आन तेवढ्यात बाळ रडाले लागलं. नर्स घाई करे, "दीदी को जल्दी अंदर भेजो."

मी दारात आडवा उभा राहिलो. म्हटलं, "पहले बच्चा दूध पिएगा. मशीन रुकेगी."