इंद्रभानच्या गाण्यातली मांजरी

रिसोडात चांद पिंजाऱ्याला लोक दोन कामांसाठी ओळखत. गाद्या भरणं आणि इंद्रभानची नक्कल करणं. हा इंद्रभान म्हणजे चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरच्या सुमारास रेडिओवर गाजलेला गायक. जात्यावरच्या, रानातल्या चाली तो गिटार न् ड्रमवर बसवायचा. लांब केस, गळ्यात माउथऑर्गन, आवाज रडका. पोरं त्याच्यापायी वेडी झाली होती.

चांदकडे गिटार नव्हती, पण कापूस पिंजायचं धनुष्य होतं. त्याची तात टणकन वाजली की चांद डोळे मिटायचा, मान तिरपी करायचा आणि हुबेहूब त्या रडक्या आवाजात सुरू व्हायचा. इंद्रभानच्या सर्वांत लाडक्या गाण्याची ओळ होती, "नदीकाठी राहिली माझी एकली बासरी". चांद म्हणायचा, "गादीमंदी शिवली मनकर्णाबाईची मांजरी". आणि पाठोपाठ लांबलचक म्याव.

हे खरंच घडलं होतं. शेजारच्या मनकर्णाबाईंची मांजरी कापसाच्या ढिगात झोपली होती. चांदनं न बघता ढीग खोळीत कोंबला, टाके घातले, आणि गिऱ्हाइकाच्या बैलगाडीत गादी ओरडायला लागली. मांजरी सुखरूप निघाली, पण गाणं गावभर झालं. पुढं पुढं रेडिओवर मूळ गाणं लागलं तरी लोक म्याव करीत.

अशात गावातल्या एका मंडळानं खुद्द इंद्रभानलाच बोलावलं. बाजाराचं मैदान संध्याकाळीच भरलं. चांद पार मागं बसला; त्याची बायको लतीफा बायकांत, मनकर्णाबाईंच्या शेजारी.

इंद्रभाननं डोळे मिटून ती ओळ म्हटली आणि भावना दाटून आल्यासारखा क्षणभर थांबला. त्या शांततेत सगळं मैदान एका सुरात ओरडलं, "म्याऽऽव!"

त्यानं दचकून गिटारखाली वाकून पाहिलं. पुन्हा ओळ घेतली. पुन्हा म्याव. मंडळाचे अध्यक्ष शेषराव घाम पुसत उठले.

"चांद्या, कुठी लपला बे? वर ये! इज्जत घालवली आमची!"

चांद स्टेजवर चढला तेव्हा त्याच्या दाढीला अजून कापूस चिकटलेला होता.

"हे तुम्ही शिकवलं?" इंद्रभाननं विचारलं.

"जी. पन तुमी सोता याल हे मले काय मालूम?"

"म्हणून दाखवा."

चांद दाढीतला कापूस उपटू लागला. बायकांतून लतीफाचा आवाज आला, "गा ना आता! घरी तं थांबत नाही!"

चांद गायला. इंद्रभान हसला नाही. सगळं ऐकून त्यानं गंभीरपणे विचारलं, "मग मांजरी निघाली का?"

"निघाली जी. टाके उसवले."

"आणि ती गादी?"

"तेच गिऱ्हाइक झोपते तिच्यावर. चांगली मऊ आहे म्हंते."

आता मात्र इंद्रभानला इतकं हसू आलं की गळ्यातला माउथऑर्गन आपोआप वाजला. मग त्यानं डोळे पुसले आणि लोकांना म्हणाला, "आता एकदा माझं ऐका. एकदाच."

तो गायला. कुणी म्याव केलं नाही. गाणं संपलं तेव्हा मनकर्णाबाई पदरानं नाक पुसत लतीफाला म्हणाल्या, "माह्या मांजरीचं गानं किती चांगलं म्हनलं वं त्यानं!"

त्यानंतर चांदचं बिनसलं. तात वाजवली की ओठांवर यायची ती बासरीच, तीही खऱ्या सुरात. गिऱ्हाइकं कंटाळून विचारू लागली, "चांदभाई, कोनी मेलं काय?" लतीफानं पीरबाबाचा अंगारासुद्धा आणला.

शेवटी हिवाळ्यात इंद्रभानचं नवं गाणं रेडिओवर आलं, चांदण्यात वाट पाहणाऱ्या नवरीचं. चांदनं ते कापूस पिंजता पिंजता ऐकलं, हातातलं काम थांबवलं आणि बराच वेळ छताकडे बघत राहिला.

दुपारपर्यंत त्यातल्या नवरीची म्हैस झाली होती.