आमच्या अनंतावरचा हमिंगबर्ड

आमच्या ह्यांनी एका सकाळी जाहीर केलं, की आपल्या बागेत हमिंगबर्ड आलाय. बाग म्हणजे बीड बायपासजवळच्या आमच्या घरापुढची दोन खाटा मावतील एवढी जागा. तिच्यात कोपऱ्यात घाणेरी, कडेनं सदाफुली आणि मधोमध माझा अनंत. हे शेंद्र्याच्या कंपनीतून नुकतेच रिटायर झाले होते, आणि मुलानं स्वतःला नवा कॅमेरा घेऊन जुना ह्यांच्या गळ्यात घातला होता. रिकाम्या माणसाच्या गळ्यात काही अडकवू नये.

बातमी कॉलनीच्या ग्रुपवर गेली. अमेरिकेतला पक्षी बघायला दुपारी बायका आल्या आणि चहा पिऊन गेल्या. संध्याकाळी ग्रुपवरच्या एका कॉलेजच्या पोरीनं लिहिलं, "काका, हमिंगबर्ड आपल्याकडं नसतो. तो पतंग आहे. दिवसा उडतो आणि फुलापुढं हवेत थांबून सोंडेनं रस पितो." माझ्या चहाची साखर वाया गेली. हे मात्र जराही वरमले नाहीत. "बरं, मग हमिंगबर्ड पतंग," म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून घाणेरीपुढं स्टूल टाकून बसले.

बसले ते दोन पावसाळे. तेवढ्या काळात घाणेरीच्या फुलांचे इतके चांगले फोटो मराठवाड्यात कुणी काढले नसतील. पतंग त्यांत नसायचा. काहींत कडेला एक धुरकट डाग असायचा. तो डाग बोटांनी मोठा करून हे मला दाखवायचे, "ही बघ, ही शेपटी." मी बघायचे आणि पोळी उलटायला आत जायचे. देवगाव रंगारीच्या शेतात गोफणीनं पाखरं हाणलेला माणूस, पण हे एवढंसं पाखरू काही हाती लागेना. "लई चपळ हाय," असं स्वतःशीच म्हणायचे. चिडले की ह्यांची बोली थेट देवगावला जाते.

मला त्या पतंगाशी काही देणंघेणं नव्हतं. माझा जीव अनंतात. पहिलं बाळंतपण सोयगावला माहेरी झालं. सासरी निघाले तेव्हा आईनं एका हातात लेकरू दिलं आणि दुसऱ्या हातात पत्र्याच्या डब्यात लावलेली अनंताची फांदी. "रोज तांदळाचं धुवण घालत जा," एवढंच म्हणाली. भाड्याच्या घरांमधून तो डबा हिंडला आणि शेवटी इथं जमिनीत लागला. आता आई नाही. भाऊ पोराकडं पुण्याला गेला, सोयगावच्या घराला कुलूप आहे. पूर्वी नागपंचमीला तो मुऱ्हाळी म्हणून मला न्यायला यायचा, आता फोन करतो. माहेर म्हणून माझ्याकडं जे उरलं, ते हे झाड.

त्या झाडावर यंदा अळ्या पडल्या. हिरव्यागार, बोटाएवढ्या जाड, मागच्या टोकाला काटा. पानं अशी खात होत्या, की जवळ उभं राहिलं तर कुरतडल्याचा आवाज यावा. शेजारच्या भाभींनी भिंतीवरून बघितलं आणि म्हणाल्या, "दवा मारो दीदी, नै तो झाड खतम." मी चिमटा आणि साबणाच्या पाण्याची बादली घेऊन निघाले, तर हे आडवे आले. त्यांनी अळीचा फोटो ग्रुपवर टाकला होता आणि त्याच पोरीनं कळवलं होतं, की काका, ही तुमच्या पतंगाचीच पिल्लं.

"वा! म्हणजे तुमच्या फोटोसाठी माझ्या आईचं झाड द्यायचं?" मी म्हटलं.

"आज पंचमी आहे," हे म्हणाले. "आज चिरायचं नाही, तोडायचं नाही, खणायचं नाही. जीव तर मारायचाच नाही."

अहो, या माणसानं उभ्या आयुष्यात एक उपास धरला नाही! पंचमीला तव्यावरची पोळी नसते म्हणून दर वर्षी तोंड वाकडं करणारा माणूस! पण मुद्दा बिनतोड होता. पंचमीला मी साधी भाजी चिरत नाही, आईही चिरत नसे. मी बादली ठेवली आणि पुरणाची दिंडं उकडायला लावली. "उद्या बघते एकेकीला," एवढं मात्र मोठ्यानं ऐकवलं.

उद्यापर्यंत अळ्या थांबल्या नाहीत. संध्याकाळी त्यांचा रंग काळपट झाला, त्या खोडावरून खाली उतरल्या आणि पाचोळ्याखाली मातीत शिरल्या. ह्या पोटभर जेवून झोपायला गेल्या आणि झाडाचा खराटा झाला. सकाळी मी खुरपं घेऊन गेले. "खण," हे बाजूला होत म्हणाले, "पण मुळं दुखावतील बघ." मी खुरपं तिथंच टाकलं आणि पायरीवर बसून रडले. झाडासाठी रडते म्हणून लाज वाटली नाही. ह्यांचा इतका राग आला होता, की स्वयंपाक केला पण वाढायला उठले नाही. ह्यांनी हातानं वाढून घेतलं आणि मीठ कमी आहे हेसुद्धा बोलले नाहीत.

रोज सकाळी मी नखानं फांदी खरवडून बघायची. आत हिरवं दिसलं की धुवण घालायची. ह्यांनी स्टूल उचलून गच्चीत ठेवलं होतं. कॅमेरा खुंटीला होता. मी त्यांना तसं करायला सांगितलं नव्हतं, पण ठेवू नका असंही म्हटलं नाही.

महालक्ष्म्या बसायच्या आधी अनंताला फुटवा आला. पोपटी, चकचकीत, नखाएवढी पानं. मी ह्यांना बोलवून दाखवली. आमचं बोलणं तिथून पुन्हा सुरू झालं. आणि पानं बघत उभे असतानाच तो आला. काचेसारखे आरपार पंख, पोटावर तांबडा पट्टा. घाणेरीकडं गेलाच नाही, सरळ अनंतावर. हे कॅमेरा आणायला धावले. तो एका फांदीवरून दुसरीवर जात राहिला, आणि हे फोटो काढत राहिले.

"आला! आला गं!" डोळा, मिशा, पंख, सगळं स्वच्छ. माणूस लहान पोरासारखा नाचत होता. मग थांबून म्हणाले, "पण झाडाला तर एक फूल नाय. हा करतोय काय इथं?"

मी फोटो बघितला. शेपूट वाकवून पानाच्या खाली टेकवलेली. मी जाऊन ते कोवळं पान उलटलं. राळ्याच्या दाण्याएवढं हिरवं अंडं. शेजारच्या पानाखाली आणखी एक.

ह्यांनी बघितलं आणि कॅमेरा खाली केला. दोन पावसाळ्यांचा फोटो नुकता मिळालेला, पण चेहऱ्यावरचं हसू गेलं. "चिमटा आणू?" हळूच म्हणाले. "झाड आधी. फोटो झाला माझा."

"हात लावू नका," मी म्हटलं. "इथंच जन्मली असेल ती. बाळंतपणाला माहेरी आलीय."

सोयगावच्या घराला कुलूप लागलं तेव्हा मी धरून चालले होते, की आईच्या घरी आता लेकी यायच्या नाहीत. मी आत गेले, रात्रीच्या भातासाठी काढलेले तांदूळ तेव्हाच धुतले आणि ते पाणी अनंताला घातलं.