कानाचं मशीन

आज कुवेतमधल्या सबाह अल-सालेम भागातल्या घरात लेकीला गोष्ट सांगता सांगता माझं नवं कानाचं मशीन शिट्टी मारू लागलं आणि रामकिसून आठवले.

तेव्हा मी कुवेतमध्ये नवाच, कानाच्या दवाखान्यात टेक्निशियन होतो. रामकिसून तेलकंपनीतले म्हातारे फोरमन, त्रिनिदादचे. त्यांच्या कानात मशीन बसवलं आणि नाव बघून मी सरळ हिंदीत विचारलं, ऐकू येतंय का? ते नुसते बघत राहिले. मी आवाज वाढवला, पुन्हा विचारलं, आणखी वाढवला. शेवटी कान झाकून ते हसत इंग्रजीत म्हणाले, "अरे बाबा, ऐकू येतंय. हिंदी येत नाही. ती आमच्या आजोबांबरोबरच गेली."

मग आरशात मशीन न्याहाळत म्हणाले, "आमचे पहिले पंतप्रधानही हे लावायचे. इतिहासकार माणूस. भर चौकात उभे राहून लोकांना इतिहास शिकवायचे. माझी आई ऊस तोडायची, वाचता येत नव्हतं. आपली माणसं भारतातून जहाजानं उसाच्या मळ्यांवर का आणली, ते तिला त्या चौकात कळलं. इंग्रजीतून!"

तेव्हा मला फक्त माझी फजिती दिसली होती. लेकीला मी नाशकातल्या गोष्टी मराठीत सांगतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि तिच्यापर्यंत पोचत नाही असं समजून मी इतकी वर्षं आवाज चढवत आलो. आज मशीन नीट बसवलं आणि तिला हळूच विचारलं, "पुढचं सांगू?"

"ऑफ कोर्स, बाबा. आय वॉज वेटिंग."