थेंबकाकांचा उजवा पाय

आमच्या टॅक्सी स्टँडवर थेंबकाकांना सगळ्यात जास्त कोणी छळलं असेल तर ते मी. आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी नाक मुरडायला नको. 'थेंबकाका' हे नावही माझंच. मला सगळे 'तोफ' म्हणतात, कारण मी तोंड उघडलं की आवाज चार गल्ल्या जातो. गाडीही मी तशीच चालवतो, दणक्यात.

काका बासष्ट वर्षांचे, अंगाने काटकुळे. त्यांची गाडी माझ्या लग्नाच्या आधीची. स्टिअरिंगवर बसले की चपला काढून शेजारच्या सीटपुढे जोडीने ठेवायचे आणि अनवाणी पायाने चालवायचे. "पायाला कळलं पाहिजे रे," म्हणायचे. काय कळलं पाहिजे, हे विचारण्याची तसदी आम्ही कधी घेतली नाही. आम्ही हसून मोकळे व्हायचो.

पेट्रोल महागायला लागलं तेव्हा आधी आम्ही शिव्या घातल्या. पुढे शिव्याही पुरेनात. पंपावरचा आकडा पंधरवड्याला चढायचा तो आठवड्याला चढायला लागला, आणि प्रत्येकाने आपापलं डोकं लढवलं. एकाने गाडी विकून भाजीचा गाळा घेतला. एकाने एसीचं बटणच उपटून ठेवलं. गिऱ्हाईक घामाघूम झालं की म्हणायचा, "बिघडलाय हो, उद्याच टाकतो दुरुस्तीला." दोन वर्षं त्याचा तो उद्या चालला होता. मी तर सगळ्यांवर कडी केली. एका गोडबोल्या माणसाकडून पेट्रोलच्या नळीला बांधायचं लोहचुंबक विकत घेतलं. फरक एवढाच पडला की बॉनेट उघडलं की माझे पाने जाऊन त्याला चिकटायचे.

काकांनी मात्र काहीच बदललं नाही, कारण बदलण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलंच नव्हतं. रोज सकाळी चारही चाकांची हवा बघायची. लांबचा सिग्नल लाल दिसला की तिथूनच पाय उचलायचा, म्हणजे गाडी पोचेपर्यंत तो हिरवा होतो. ब्रेक त्यांच्या लेखी पाप. "ब्रेक मारला म्हणजे जाळलेलं पेट्रोल वाया गेलं," असं ते सांगायचे, आणि मी मागून ओरडायचो, "काका, थेंब सांडला बघा, चाटून घ्या!" स्टँड खदखदून हसायचं. काकाही हसायचे. या माणसाला राग येत नाही याचाच मला राग यायचा.

आणि मग तो दिवस आला, माझ्या शहाणपणाचा.

आदल्या संध्याकाळी बातमी पसरली की उद्या दुपारपासून भाव उतरणार, तोही चांगला घसघशीत. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच! मी स्टँडभर ओरडत फिरलो, "आज कोणी थेंबभरही भरू नका रे! उद्या स्वस्तात टाक्या फुल्ल!" सगळ्यांनी ऐकलं. ज्यांच्या घरच्या गाड्या होत्या तेही आमच्याइतकेच हुशार निघाले. आणि आमच्याहून हुशार निघाले पंपवाले. भाव उतरणार असताना महागातला माल कोण भरून ठेवील? त्यांनी टँकरच मागवले नाहीत. दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत होतं तेवढं संपून दोन्ही पंपांवर दोरी बांधलेली. डिझेलचंही तेच रडगाणं. टँकर म्हणे संध्याकाळी येणार. आम्ही पत्ते काढून बसलो.

साडेअकराला माझा फोन वाजला. आई होती. माझी धाकटी बहीण बाळंतपणाला आमच्याकडे आलेली, दिवस भरायला अजून दोन आठवडे होते. तिला कळा सुरू झाल्या म्हणून आईने कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं होतं. मी धावत गेलो. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर घेतलं आणि सरळ सांगितलं, "बाळ आडवं आहे. ऑपरेशन लागेल, ते इथे होत नाही. मोठ्या हॉस्पिटलात न्या, तासा-दीड तासात. उशीर झाला तर दोघांचंही मी काही सांगू शकत नाही."

मोठं हॉस्पिटल घाटापलीकडे, चौतीस किलोमीटर. एकुलती रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन तिकडेच गेलेली. मेव्हणा जहाजावर. आणि मी, बावीस वर्षं टॅक्सी चालवणारा तिचा मोठा भाऊ, माझ्या टाकीत घाटाच्या पायथ्यापर्यंतसुद्धा पेट्रोल नव्हतं.

स्टँडवर येऊन मी काय बोललो ते आठवत नाही. एवढं आठवतं की पत्ते खाली पडले आणि सगळे उठले. कोणी स्वतःच्या मोटरसायकलीची नळी सोडवली, कोणी पानवाल्याच्या स्कूटरची, कोणी आपल्या टॅक्सीत रबरी नळी घालून तोंडाने ओढून बघितलं आणि नुसतं खोकत बसला. पाण्याच्या दोन बाटल्यांत मिळून दीड लिटर जमलं असेल. मी बाटल्या घेऊन माझ्या गाडीकडे वळलो, तर भाजीवाल्याने, त्याच आमच्या जुन्या टॅक्सीवाल्याने, माझा हात धरला.

"तुझ्या गाडीत नको," तो म्हणाला. "तू घाटाच्या मध्यावर संपवशील."

कोणी हसलं नाही. सगळे काकांकडे बघत होते. मीही बघितलं. काकांनी आधीच टाकीचं झाकण उघडून ठेवलं होतं. काल मी ओरडत असताना त्यांनी रोजच्याइतकं भरलं होतं, त्यातलं पाऊण लिटर उरलं होतं.

बहिणीला दवाखान्यातून आणून मागच्या सीटवर आडवं केलं, आईला मागेच थांबवलं. मी आत शिरायला लागलो, तर काका म्हणाले, "तू नको. नव्वद किलो आहेस."

"काका!"

"दादा हवा," बहीण कण्हली. "दादा, तू चल ना."

काकांनी क्षणभर विचार केला आणि डिकी उघडली. स्टेपनी, जॅक, अवजारांची पेटी, टपावरचा कॅरिअर, मागची पायपुसणी, सगळं उतरवून फुटपाथवर ठेवलं. मग मला म्हणाले, "आता बस. आणि तोंड बंद."

मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

त्यानंतरचा तास मी जन्मात विसरणार नाही. मी पुढे बसलो होतो, काकांच्या चपला मांडीवर घेऊन, आणि त्या अनवाणी पायाकडे बघत होतो. तो पाय हलतच नव्हता. ॲक्सिलरेटरवर झोपलेल्या बाळावर हात ठेवावा तसा ठेवला होता, आणि गाडी चढत होती. मला वाटायचं, दाबा ना, काका, दाबा! माझ्या पायाने माझ्या बाजूचा पत्रा दाबून दाबून भोक पडायची वेळ आली. घाटात पुढे ट्रक आला की त्यांना तो वळणाआधीच कळायचा, वेग मोडायच्या आत ते त्याला मागे टाकायचे. ब्रेकचा दिवा त्या सबंध चढावर एकदाही लागला नसेल. माथ्याला पेट्रोलचा काटा पार तळाला टेकला, तरी इंजिन एका सुरात बोलत होतं. बावीस वर्षं मी गाडी चालवतो असं समजत होतो. त्या घाटात मला कळलं की मी नुसता रेटतो, चालवतो तो हा माणूस.

उतार लागला तसा मी न राहवून म्हणालो, "काका, इंजिन बंद करा, वाचेल थोडं!"

"बंद केलं की ब्रेक दगडासारखा होतो. पोरीला दरीत न्यायचंय का तुला?" त्यांनी गिअर तसाच ठेवला आणि पाय उचलून घेतला. गाडी आपल्या वजनाने वाहत गेली. मागून बहिणीचं ओरडणं वाढलं होतं. काका अगदी हळू आवाजात तिला म्हणाले, "बाळा, खड्डा येतोय, उशी धर. आता नाही येणार. आता एक आहे." त्यांना सगळे खड्डे पाठ होते.

हॉस्पिटल दिसलं, आणि मध्ये तो उड्डाणपूल. चढाला लागताच इंजिनाने एक आचका दिला. मग दुसरा.

"मागे जा," काका म्हणाले. "उजव्या कोपऱ्यात बस, दाराला चिकटून. टाकीतली नळी त्या बाजूला आहे. गाडी कलू दे."

चालत्या गाडीत मी दोन सीटांमधून मागे घुसलो, बहिणीचे पाय मांडीवर घेतले आणि माझे नव्वद किलो त्या कोपऱ्यात घातले. गाडी कण्हली, खाली बसली. आचके थांबले. इंजिन पुन्हा बोलायला लागलं. आरशात काकांचे डोळे दिसले. "बघ," ते म्हणाले, "तुझाही उपयोग झाला."

गाडी पूल उतरली, फाटकातून आत गेली, दारासमोर उभी राहिली. स्ट्रेचर आलं, बहीण आत गेली, तिच्या मागे मी. कागदांवर सह्या केल्या. दार बंद झालं आणि मला तिथे काहीच काम उरलं नाही. तेव्हा लक्षात आलं, काका आत आलेच नाहीत.

ते गाडीतच होते. दार उघडं, एक हात दारावर, उजवा पाय तसाच ॲक्सिलरेटरवर. चेहरा पांढरा पडलेला.

"काय झालं, काका?"

"उचलत नाही रे," ते म्हणाले. "पोटरी आखडलीय. घाटातच धरायला लागली होती."

"घाटात? मग सांगायचं नाही का?"

"सांगून काय, तू चालवणार होतास?"

मी खाली जमिनीवर बसलो. दोन्ही हातांनी तो पाय उचलून माझ्या मांडीवर घेतला. पोटरी लाकडासारखी घट्ट झाली होती, टाच थरथरत होती. त्या पायाला मी काय काय बोललो होतो! मला रडू फुटलं, चारचौघांत, हॉस्पिटलच्या दारात, आणि मी ते आवरलं नाही. पाय चोळत राहिलो.

किती वेळ गेला कोण जाणे. नर्स बाहेर येऊन नातेवाइकांना शोधायला लागली. "मुलगी झाली," म्हणाली. "दोघी ठीक आहेत. अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं."

मी नुसता काकांच्या तोंडाकडे बघत राहिलो, आणि हात आपोआप घट्ट होत गेले.

"हळू दाब की रे, तोफ," काका कळवळून म्हणाले. "पाय आहे तो माझा."