खर्जबुवांचे दोन अ‍ॅम्प

बेस गिटार वाजवणाऱ्या माणसाचं दुःख सांगून कुणाला कळत नाही. गाणाऱ्याचं नाव होतं, गिटारवाल्याकडे पोरी बघतात, ड्रमवाला निदान घाम गाळताना तरी दिसतो. आणि हा आपला मागे उभा राहून चार जाड तारा छेडतोय! लोकांना वाटतं, याला दयेपोटी घेतलाय. खर्जबुवांनी हे जन्मभर ऐकून घेतलं. ‘खर्जबुवा’ हे नाव त्यांच्या मेहुण्यानं ठेवलेलं, आणि ते असं काही चिकटलं की सासूबाईसुद्धा जावयाला त्याच नावानं हाक मारायच्या.

मेहुणा म्हणजे बायकोचा मोठा भाऊ. पण आधी दोस्ती, नातं मागाहून. एका मोठ्या हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये दोघांना एकदमच काम लागलं, तो गिटारवर आणि हे बेसवर. त्याच वर्षी खर्जबुवांचं लग्न झालं. तेव्हापासून मेहुणा चारचौघांत ‘काय दाजी’ म्हणायचा आणि एकटे असले की मनसोक्त शिव्या घालायचा. गाणारी बाई, ड्रमवाला आणि हे दोघं, एवढाच बँड. लोक रोज संध्याकाळी जेवायचे, हे वाजवायचे. दोघांचे केस तिथेच पांढरे झाले.

दोन अ‍ॅम्पचं, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या दोन खोक्यांचं, खूळ खर्जबुवांच्या डोक्यात उतारवयात शिरलं. त्यांच्या बेसला तारांखाली दोन पिकअप होते. पिकअप म्हणजे तारेचा आवाज पकडणारी चुंबकाची पट्टी. वरच्या पट्टीचा आवाज गोल आणि जाड, खालचीचा कडक, टणटणीत. हे दोन्ही आवाज एकाच वायरीतून एकाच अ‍ॅम्पमध्ये जातात आणि तिथे त्यांचा पार लगदा होतो, असं बुवांचं म्हणणं. बुवांना दोन्ही आवाजांना वेगळी वाट करून द्यायची होती. जाड आवाज मोठ्या अ‍ॅम्पमधून, कडक आवाज दुसऱ्यातून, एक डावीकडे, एक उजवीकडे. पण दुसरा अ‍ॅम्प आणायचा कुठून?

“माझा जुना पडलाय की माळ्यावर,” मेहुणा म्हणाला. “घेऊन जा. फक्त बहिणीला माझं नाव सांगू नकोस. घरात आणखी एक खोकं आलं म्हणून शंख करेल.”

एका सुट्टीच्या दुपारी दोघं बुवांच्या घरी फरशीवर बसले. कथलाचा डाग देणारा मेहुणा, वायरी धरणारे बुवा. पहिल्यांदा चालू केलं तर दोन्ही अ‍ॅम्प नुसते गुरगुरायला लागले. “अरे बावळटा, दोन्ही एकाच बोर्डाला लाव!” मेहुणा ओरडला. गुरगुर थांबली. पण मग वेगळीच भानगड. एकेकटा अ‍ॅम्प छान घुमत होता, दोन्ही एकदम लावले की जाड, घुमणारा आवाज गायब. बुवांचा चेहरा पडला. मेहुणा मात्र पोट धरून हसला. “एका स्पीकरचा पडदा पुढे ढकलतोय आणि दुसऱ्याचा मागे ओढतोय! दोघांचं भांडण लागलंय, दुसरं काय!” त्यानं एका स्पीकरच्या मागच्या दोन वायरी अदलाबदल करून लावल्या.

बुवांनी सगळ्यात जाड तार छेडली आणि ओट्यावरची भांडी थरथरली. बायको हात पुसत बाहेर आली. “अगं बाई! हे तुम्ही एकटे वाजवताय होय? मला वाटलं दादापण वाजवतोय!” बुवांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी वर्षं वाजवून स्वतःचा आवाज ते आज पहिल्यांदाच धड ऐकत होते. मेहुणा नुसता हसून बघत बसला.

हॉटेलात दोन्ही अ‍ॅम्प लागले. गाणारी बाई खूश, ड्रमवाला खूश. हॉलचा मॅनेजर मुद्दाम स्टेजजवळ आला आणि म्हणाला, “वा! दोन माणसं वाजवताहेत असं वाटतं.” बुवा लाजले. लाजले काय, हवेतच गेले. घरी जाऊन बायकोला तीनतीनदा सांगितलं.

आणि काही आठवड्यांनी बँडमधला एक माणूस कमी करायचं वरून ठरलं. मॅनेजरनं मेहुण्याला केबिनमध्ये बोलावलं. “तुमचं वाजवणं चांगलंच आहे,” तो म्हणाला, “पण बेसवाल्यांच्या दोन खोक्यांत तुमचं काम भागतं आता.” झालं. इतक्या वर्षांची नोकरी एका वाक्यात गेली. मेहुणा बाहेर आला, गिटार पेटीत ठेवली आणि बुवांना म्हणाला, “अ‍ॅम्प राहू दे तुझ्याकडे. मला आता कशाला लागतोय?” रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो अगदी साधेपणानं म्हणाला.

बुवांना घास गिळवेना. आपण मेहुण्याच्याच अ‍ॅम्पनं मेहुण्याच्या पोटावर पाय दिला, हे त्यांना झोपू देईना. राजीनामा देतो म्हणाले, तर बायको रडत म्हणाली, “अहो, तुम्हीही घरी बसलात तर दादाला काय मिळणार? दोन्ही घरं बसतील.” तेही खरंच होतं. मग बुवांनी मनाशी एक बेत केला. मेहुण्याच्या अ‍ॅम्पची वायर काढून ठेवायची. आवाज बोडका वाटेल, गिऱ्हाइकं कुरकुर करतील, मॅनेजरला चूक कळेल आणि तो गिटारवाल्याला परत बोलावेल. बेत काही वाईट नव्हता.

त्या संध्याकाळी त्यांनी एकट्या मोठ्या अ‍ॅम्पवर वाजवलं. ड्रमवाल्यानं लगेच विचारलं, “काय बुवा, दुसरा आजारी आहे का?” गाणाऱ्या बाईनंही मागे वळून पाहिलं. बुवांना हायसं वाटलं. आता हॉलमधून कुणी ना कुणी बोलणारच. पण कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. लोक जेवत होते, हसत होते, वेटरला हाका मारत होते. शेवटी न राहवून बुवांनीच मॅनेजरला गाठलं.

“साहेब, हल्ली आवाज... ठीक वाटतो ना?”

“उत्तम! उलट हल्ली टेबलावरचं बोलणं नीट ऐकू येतं, लोक म्हणतात. ते एक खोकं बंदच असतं ना? घेऊन जा घरी. तिथे मोठी कुंडी ठेवू.”

तोंडात मारल्यासारखे बुवा परत फिरले. म्हणजे दोन अ‍ॅम्प होते तेव्हाही कुणी ऐकत नव्हतं, आणि मेहुणा होता तेव्हाही नव्हतं. माणूस कमी करायचा होता, कारण हवं होतं, ते बुवांनी आयतं हातात दिलं. एवढीच काय ती त्यांच्या कलेची किंमत!

अ‍ॅम्प घेऊन ते मेहुण्याकडे गेले. एका शाळेनं त्याला संगीत शिकवायला बोलावलं होतं, तो अजून हो-नाही करत होता. बुवांना बघून त्याचा चेहरा उजळला. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि मग त्यानं कपाशी चाळा करत विचारलं, “काय रे, जाणवतं का कुणाला? मी नसल्याचं?”

आता या प्रश्नाला कुठला माणूस खरं उत्तर देईल? तुम्ही द्याल?

“जाणवतं म्हणजे?” बुवा म्हणाले. “रोज विचारतात लोक! मॅनेजरसुद्धा परवा म्हणाला, चूक झाली. म्हणून तर तुझा अ‍ॅम्प परत आणलाय. तू आलास की तुला लागेल ना.”

मेहुणा एवढा हसला की वहिनी, म्हणजे त्याची बायको, आतून बघायला आल्या. त्यानं तिथल्या तिथे गिटार काढली आणि दोघांनी एक जुनं गाणं वाजवलं. बुवा हलक्या मनानं घरी गेले. त्या दिवशी त्यांना पोटभर जेवण गेलं.

पुढच्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. “भावजी, यांनी शाळेला नाही कळवलं हो. हॉटेलवाले बोलावणार आहेत म्हणतात. रोज संध्याकाळी तयार होऊन बसतात. बोलावणार आहेत ना नक्की?”

“मी येतो,” म्हणून बुवांनी फोन ठेवला.

गेले तेव्हा मेहुणा गिटारीला नव्या तारा चढवत बसला होता. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. “काय दाजी, आणलास निरोप?”

बुवा उभ्याउभ्याच बोलले. बसले असते तर धीर झाला नसता. “कुणी विचारलं नाही रे. एकानंही नाही. तुझ्या अ‍ॅम्पची वायर मी मुद्दाम काढून ठेवली होती, तेही हॉलमध्ये कुणाला कळलं नाही. चूक झाली, असं मॅनेजर म्हणालाच नाही. मी खोटं बोललो.”

मेहुण्यानं हातातली तार खुंटीत अडकवून पूर्ण ताणली. मग उठून शाळेला फोन लावला. दुसऱ्या कुणाला तरी घेतलं होतं. “नाही नाही, काही हरकत नाही,” तो अगदी अदबीनं म्हणाला, “आभारी आहे.” फोन ठेवून तो खुर्चीत बसला. वहिनी दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

“मला वाटलं, तुला जरा बरं वाटेल,” बुवा म्हणाले.

“वाटलं ना. सात-आठ दिवस फार बरं वाटलं,” मेहुणा म्हणाला. “पण तेव्हाच खरं सांगितलं असतंस, तर मी नुसता तुझ्यावर चिडलो असतो रे. तेवढ्यावर निभावलं असतं.”

बुवा त्याचा हात धरायला पुढे झाले. त्यानं हात धरू दिला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाला, “नीघ आता. तुझी वाजवायची वेळ झाली.”