आपणच येणार

आमचं बंदुकीचं दुकान आहे, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या कमरेकडे बघतो, मग तोंडाकडे, आणि दोन्हीकडे त्याची निराशा होते. कमरेला मोबाइलचं पाकीट असतं आणि तोंडावर ॲसिडिटी. जत्रेत एकदा फुगे फोडायला गेलो होतो. इतके छर्रे वाया घालवले की शेवटी फुगेवाल्यालाच माझी दया आली आणि त्यानं एक फुगा टाचणीनं फोडून दिला. ताथवड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये पाल निघाली तर बायकोला हाक मी मारतो. ती इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते, पण झाडू चांगला चालवते. येताना म्हणते, "बंदूकवाले, सरका बाजूला."

दुकान पिंपरीत आहे आणि ते वडिलांनी घातलं. त्यांच्या काळात गिऱ्हाईक म्हणजे चाकणकडचे शेतकरी. रानडुकरं बटाट्याचं वावर उकरून टाकायची, म्हणून एकनळी बंदूक घ्यायचे आणि ती खुंटीला टांगायचे. पुढे वावरांवर कंपन्या आल्या. डुकरं गेली, बंदुका वाढल्या. आता मागणी पिस्तुलाला, आणि तेही शर्टाखालून थोडंसं दिसेल अशा बेताचं. कुणाकडे कंपनीत माणसं पुरवायचा ठेका, कुणाकडे भंगाराचा, कुणाकडे पाण्याच्या टँकरचा. ठेका आला की पक्ष आला, आणि पक्ष आला की जिवाला धोका आहे असा अर्ज आला. परवाना मिळाला की माणूस आमच्या दुकानात आला.

सगळेच येतात. झेंड्याचा रंग कुठलाही असो, वडिलांचा नियम एकच होता: आधी खुर्ची, मग चहा, मग काम, आणि मत कुणाला हे विचारायचं नाही. दिवाळीला सगळ्या पक्षांची कॅलेंडरं यायची, ती आतल्या खोलीत गुंडाळून ठेवायची. भिंतीवर टांगायचं ते एका पशुखाद्यवाल्याचं, ज्यावर फक्त म्हैस होती. म्हशीवर आजवर कुणी हरकत घेतलेली नाही.

हा नियम मी पुढे नेला, आणि माझ्या मते सुधारलाही. गिऱ्हाईक चहा पिता पिता विचारायचंच, "काय शेठ, यंदा कोण येणार?" मी म्हणायचो, "आपणच येणार." मराठीसारखी सोयीची भाषा नाही. 'आपण' म्हणजे तुम्ही, 'आपण' म्हणजे तुम्ही-आम्ही मिळून. ऐकणाऱ्याला हवं ते त्यानं घ्यावं. सकाळी एका पक्षाचा माणूस खूश होऊन जायचा, दुपारी दुसऱ्याचा, संध्याकाळी ज्यानं त्याच आठवड्यात पक्ष बदलला असा एखादा. प्रत्येकाला वाटायचं, हा बंदूकवाला आपला माणूस आहे. त्याचा मला अभिमान होता. घरी येऊन मी हे रंगवून सांगायचो. बायको म्हणायची, "एक दिवस कुणीतरी अर्थ विचारील."

निवडणूक आली की आमच्याकडे एक वेगळाच हंगाम असतो. आचारसंहिता लागली की परवानेवाल्यांना हत्यारं जमा करावी लागतात, पोलीस ठाण्यात किंवा आमच्यासारख्या दुकानात. हत्यार कापडी पिशवीत घालायचं, वर नंबराची चिठ्ठी बांधायची, पावती द्यायची. बाहेर मालक एकमेकांचे फलक फाडत असतात आणि आत तिजोरीत त्यांची पिस्तुलं अंगाला अंग लावून झोपलेली असतात. पाहुण्यांना तिजोरी दाखवून मी म्हणायचो, सर्वपक्षीय एकजूट बघायची तर इथं या. पाहुणे हसायचे.

माझी धाकटी बहीण चाकणजवळ निघोज्यात दिली आहे. दाजींची जमीन कंपन्यांच्या पट्ट्यात गेली, मग लेबरचा ठेका आला, मग वर सांगितलं त्या क्रमानं बाकीचं. परवान्याच्या कागदपत्रांत मीच मदत केली आणि पिस्तूल मीच विकलं. दाजींचा चुलतभाऊ बोळाच्या पलीकडे राहतो. त्याचंही तसंच सगळं, फक्त पक्ष दुसरा. त्यालाही मीच विकलं. मागच्या पंचायत समितीला दोघे समोरासमोर उभे राहिले. दोघांनी पिस्तुलं जमा केली ती एकाच दुपारी, तासाभराच्या अंतरानं. "पाव्हणं, काय वाटतंय?" असं दाजींनी विचारलं, मी म्हणालो, आपणच येणार. चुलतभावानं विचारलं, त्यालाही म्हणालो, आपणच येणार. दोघांच्या पिशव्यांना लागोपाठचे नंबर पडले.

चुलतभाऊ आला. दाजी थोडक्यात पडले.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बहिणीचा फोन आला. ती गच्चीवर वाळवण बघायला म्हणून गेली होती आणि हळू बोलत होती. दाजी कालपासून जेवले नव्हते. खिडकीत बसून बोळातला गुलाल बघत होते. कुणाशी बोलत नव्हते, फक्त दोनदा म्हणाले होते, माझं सामान पिंपरीतनं येऊ दे, मग दावतो.

"दादा, ते परत देऊ नकोस," ती म्हणाली. "चार-सहा महिने. डोकं शांत होईपर्यंत. काहीही सांग, बिघडलंय म्हण."

मी म्हणालो, "बघू आपण."

"बघू नको. नक्की सांग."

"अगं, काढू आपण मार्ग."

ती "बरं" म्हणाली. त्या 'बरं'मध्ये केवढा सुटकेचा श्वास होता, तो मला फोनवरही ऐकू आला. तिनं 'आपण'चा अर्थ घेतला, दादा आणि मी.

मी अगदीच काही केलं नाही असं नाही. दाजींची पिशवी तिजोरीत मागे सरकवली. स्प्रिंग बसली आहे, कारागिराकडे पाठवायला लागेल, असं सांगायचं ठरवलं. आरशासमोर उभं राहून म्हणूनही पाहिलं. बायको कपाटाशी साडीच्या निऱ्या काढत होती. ती वळून न बघता म्हणाली, "स्प्रिंग कुणाची बसलीय ते कळतंय." मग तिनं गंभीर होऊन विचारलं, तू खरंच नाही म्हणू शकशील का? मी म्हणालो, का नाही, बहीण आहे माझी.

आचारसंहिता उठली आणि लोक हत्यारं न्यायला यायला लागले. तिसऱ्या दिवशी चुलतभाऊ आला, चार माणसं आणि पेढे घेऊन. खुर्ची दिली, चहा सांगितला. त्याची पिशवी काढून काउंटरवर ठेवली, पावती तपासली, आणि तेवढ्यात दारात दाजी उभे. दाढी वाढलेली, डोळे लाल. चुलतभावाच्या माणसांनी त्यांना वाट करून दिली, जरा जास्तच अदबीनं. मी सवयीनं आणखी एक चहा सांगितला.

दाजी बसले नाहीत. पावती काउंटरवर ठेवून म्हणाले, "माझं बी काढा, पाव्हणं."

मी सुरुवात केली. म्हणालो, दाजी, तुमच्या त्याची स्प्रिंग जरा बसल्यासारखी वाटते, कारागिराला दाखवावं म्हणतो. आरशासमोर हे वाक्य बरं झालं होतं. दुकानात ते माझ्या पोटातच राहिलं असावं, कारण सगळे कान पुढे करून ऐकायला लागले.

चुलतभाऊ बशीत फुंकर मारत म्हणाला, "ऱ्हाऊ द्या शेठ, ठेवा तुमच्याकडंच. आता थोरल्यांना लागतंय कशाला?"

त्याची माणसं हसली नाहीत. हसू दाबल्याचा तो आवाज हसण्यापेक्षा वाईट होता. दाजींनी त्याच्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं.

"दुकान कुणाचं हाय हे?" त्यांनी विचारलं.

आणि माझ्या तोंडून, इतक्या वर्षांच्या सवयीनं, निघून गेलं, "आपलंच की, दाजी."

"मग आणा."

मी आणलं. आत जाऊन, तिजोरीत मागे सरकवलेली पिशवी शोधायला वेळ लागतोय असं दाखवत मी तिथं थोडा वेळ उभा राहिलो. बाहेर जाऊन नाही म्हणायचं, एवढंच काम होतं. मी स्वतःला सांगितलं की एकाला दिलं आणि एकाला नाही, तर उद्या सगळ्या पट्ट्यात बोभाटा होईल, बंदूकवाल्यानं बाजू घेतली. वडिलांचा नियम मोडेल. कागद पूर्ण असताना मी कोण अडवणारा? अशा वेळी माझं डोकं फार चांगलं चालतं. दोघांनी एकाच वहीत, माझ्याच पेननं सह्या केल्या. दाजींचा चहा तसाच राहिला. ते गेल्यावर तो मीच प्यायलो.

त्यानंतर सहाव्या दिवशी दुपारी निघोज्यात चुलतभावाची मिरवणूक निघाली. डीजे बोळाच्या तोंडाशी येऊन थांबला. दाजी पिस्तूल घेऊन खिडकीशी गेले. बहिणीनं धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं आणि वर ढकललं. गोळी तिच्या उजव्या कानाजवळून सुटली आणि स्लॅबमध्ये बसली. खाली डीजेच्या आवाजात कुणाला काही कळलं नाही, नाचणं चालूच होतं.

जबाबात तिनं सांगितलं, साफ करताना सुटली. दाजी तिच्या शेजारी बसून रडत होते म्हणे. पिस्तूल पोलिसांनी नेलं, परवाना निलंबित झाला. सगळे म्हणाले, नशीब, कुणाला काही झालं नाही. मीसुद्धा एक-दोघांजवळ तसंच म्हणालो. तिचा उजवा कान गेला, तो हिशेबात धरला नाही कुणी. डॉक्टर म्हणाले, पडदा भरून येईल, पण आतली नस गेली ती गेली.

मी दवाखान्यात गेलो तेव्हा ती कुशीवर झोपली होती, तोंड भिंतीकडे. मी स्टुलावर बसून केळी सोलली आणि स्वतःच खाल्ली. ती वळली नाही. त्या वर्षी भाऊबीजेला ती आली नाही, फोनही उचलला नाही. बायको एकटी निघोज्याला जाऊन आली. काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, न विचारणं हा तर आमच्या दुकानाचा नियमच.

मला नंतर एक गोष्ट आठवायला लागली. मी शाळेत असताना वडिलांकडे एक बागायतदार बंदूक घ्यायला यायचा. परवाना होता, पैसे रोख होते. रस्त्यापलीकडे एक बाई डोक्यावरचा पदर दातात धरून उभी असायची, त्याची बायको. वडील त्याला खुर्ची द्यायचे, चहा द्यायचे आणि सांगायचे, परवान्यावरची सही नीट उमटलेली नाही, पुढच्या महिन्यात या. तो वर्षभर येत राहिला. मग चिडून दुसऱ्या दुकानात गेला. त्याच्या पूर्ण भावकीचं गिऱ्हाईक तुटलं. मी वडिलांना विचारलं होतं, सही तर दिसत होती की. ते म्हणाले, मला नाही दिसली. ही गोष्ट मी इतकी वर्षं विसरलो होतो. दुकानातून मी उचलला तो फक्त चहा.

यंदा उन्हाळ्यात बहीण दुकानात आली. एकटी, चाकणहून बसनं. दाराशी चपला काढल्या, तशा कुणी काढत नाही. हातात स्टीलचा डबा होता. गव्हाच्या कोठीमागे काडतुसं सापडली होती, उरलेली, पोलिसांच्या नजरेतून सुटलेली. ठाण्यात गेली तर त्यांनी दुकानात जमा करा म्हणून पत्र दिलं. पत्र तिनं डब्याखाली ठेवलं.

"जमा करायचंय," ती म्हणाली. "पावती द्या."

मी म्हणालो, अगं बस तरी. ती बसली, गिऱ्हाइकांच्या खुर्चीत, तोंड रस्त्याकडे आणि उजवा कान माझ्याकडे करून. मी चहा सांगितला. वहीत नाव लिहिलं, नंबर लिहिला. आमचं दोघांचं आडनाव एके काळी एकच होतं, ते काही कुठल्या रकान्यात बसत नव्हतं. चहा आला. ती तो शेवटपर्यंत प्यायली.

मग मी बोललो. खाली वहीकडे बघत, पण बोललो. स्प्रिंगचं सांगितलं, तिजोरीपाशी उभा राहिलो होतो ते सांगितलं, वडिलांच्या त्या बागायतदाराचं सांगितलं. मी घाबरलो होतो, हेही सांगितलं. दाजींना नाही, तर उद्या लोक काय म्हणतील त्याला. चुकलो म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा असं काही बोललो ज्याचा एकच अर्थ निघत होता.

तिनं कप खाली ठेवला, पावतीची घडी करून पर्समध्ये टाकली आणि उठली. दारात चपला घालताना वळली. आता तिचा डावा कान माझ्याकडे होता.

"आपण काही म्हणालात का?"

तिनं ऐकलं नव्हतं, की ऐकलं होतं, मला आजही सांगता येणार नाही. मी पुन्हा म्हणू शकलो असतो. समोर भिंतीवर म्हैस होती, रस्त्यावर कंपनीची बस हॉर्न देत होती, आणि काउंटरशी नवं गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं.

मी म्हणालो, "काही नाही. या परत."