कामी की किता?

मी दुबईला निघाले त्या सकाळी आमच्या खळ्यात रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न वाजवत होता आणि आई माझ्या बॅगेत सुक्या जवळ्याची आणखी एक पिशवी कोंबत होती. "अगं आई, विमानात वास येईल," मी ओरडत होते. "येवंदे. तेंका पण कळांदे," आई म्हणाली. दादा बॅगेवर गुडघा रोवून चेन ओढत होता, वहिनी दारात उभी होती, आणि या सगळ्या गोंधळात रडायला कोणालाच सवड मिळाली नाही. मी रिक्षात बसल्यावर आई जवळ आली. तिने पदराने माझं तोंड पुसलं, खरं तर तोंडाला काही लागलेलं नव्हतं, आणि म्हणाली, "जा तू. हयची काळजी करू नको. आमी आसंव हंय."

आमी आसंव, आम्ही आहोत इथे. केवढा धीर आला होता मला! कुडाळ येईपर्यंत मी तेच मनात घोळवत बसले. त्या 'आमी'मध्ये मी नाही, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. आणि कळलं तेही कशामुळे, तर एका फिलिपिनो आणि एका इंडोनेशियन बाईच्या रोजच्या भांडणामुळे.

पण आधी दुबईतल्या अल मनखूल भागाचं सांगते. तिथे मी एका आपल्याकडच्याच कुटुंबात पेइंग गेस्ट होते. माणसं सज्जन, आजूबाजूला सगळे भारतीय, खाली उतरलं की कढीपत्ता मिळायचा. आईला फोनवर सांगितलं, अगदी आपल्या गावासारखं आहे. डोंबलाचं गावासारखं! पहिल्याच रविवारी मी मूठभर जवळा भाजायला घेतला, तर घरमालकीण काकू नाकाला ओढणी लावून धावत आल्या. मग उदबत्त्या, मग सगळ्या खिडक्या उघडल्या, मग "बेटा, आमच्या घरी हे चालत नाही." तो जवळा मी पुढे कित्येक महिने कपड्यांच्या कपाटात, स्वेटरच्या खाली ठेवला होता. मधूनच पिशवी उघडून नुसता वास घ्यायचे. हसा खुशाल. तुमच्यातले जे असे निघून आलेत, ते हसणार नाहीत.

शेवटी कंटाळून इंटरनॅशनल सिटी नावाच्या वस्तीत आले. एक फ्लॅट, तीन बायका, एक किचन. मारिसेल फिलिपिन्समधल्या सेबूची, एका सलूनमध्ये नोकरीला. वाती इंडोनेशियाची, जावा बेटावरची, ड्रॅगन मार्टमध्ये पडद्यांच्या दुकानात. नाव ऐकून मी म्हटलं, वाती? समईतल्या? तिला काय कळणार! आणि मी शारजाच्या औद्योगिक भागात, गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सच्या वेअरहाउसमध्ये डिस्पॅचला. सकाळी कार लिफ्ट, म्हणजे चार-पाच जणांत मिळून ठरवलेली गाडी, गाठायची, दिवसभर मॅनेजरचं हिंदी आणि ड्रायव्हरांचं "यल्ला, यल्ला" ऐकायचं, आणि थकून घरी यावं तर या दोघींची जुंपलेली.

कशावरून? तर तांदळाच्या पिठावरून! मारिसेल तांदळाची वाफवलेली पांढरी वडी करायची, तिला म्हणायची 'पुतो'. वाती बांबूच्या नळकांड्यात तांदळाचं पीठ आणि गूळ भरून वाफवायची, वर ओलं खोबरं, त्याला म्हणायची 'पुतू'. मूळ कोणाचं, कोणी कोणाकडून चोरलं, यावर तास तास वाद. दोघींच्या इंग्रजीची बोंब, त्यात माझ्या इंग्रजीची भर. न्यायनिवाड्याला मला ओढायच्या. मी दोन्ही खाऊन म्हणायचे, दोन्ही छान, तर दोघीही फुगायच्या. मग कोळंबीची चटणी. मारिसेल 'गिनामोस' म्हणून बरणी उघडायची, वाती 'तरासी' म्हणून तव्यावर भाजायची. कोणाचा वास जास्त भयंकर यावरही वाद! एकदा बिल्डिंगचा वॉचमन, इथे त्याला नातूर म्हणतात, तो वर आला. बिचाऱ्याला वाटलं ड्रेनेज फुटलं. त्या दिवशी मात्र मी कपाटातून जवळा काढला, भाजला, आणि कांदा-खोबरं घालून तिघींच्या मध्ये ठेवला. दोघींनी चाखून बघितला. मग वाती म्हणाली, "दिस इज अवर तरासी, ओन्ली ड्राय." मारिसेल म्हणाली, "नो, अवर गिनामोस." कपाळ माझं! माझा जवळासुद्धा यांनी वाटून घेतला.

पण खरा डोक्याला ताप होता तो शब्दांचा. भांडता भांडता दोघींना सारखे शब्द सापडायचे आणि भांडण जागच्या जागी मिटायचं. डोळा म्हणजे माता, तुझ्याकडे पण? आभाळ म्हणजे लांगित, तुझ्याकडे पण? फणस म्हणजे नांगका. पाच म्हणजे लिमा. पोर म्हणजे आनाक. जत्रेत हरवलेल्या बहिणी भेटाव्यात तशा किंचाळायच्या. आणि मी तिकडे भात उपसत उभी, परकी. एकदा सकाळी वातीने फ्रिज उघडून विचारलं, "सुसू फिनिश?" मी हसून हसून ओट्यावर वाकले. मारिसेलही हसत होती. वातीच्या भाषेत सुसू म्हणजे दूध. मारिसेलला वाटलं मी तिच्यासारखीच हसतेय, कारण तिच्याकडे सुसो म्हणजे बाईची छाती. मला कशाचं हसू आलं ते सांगितल्यावर दोघींनी त्या दिवशी चहात दूध घातलं नाही.

अशाच एका संध्याकाळी 'कामी' आणि 'किता' सापडले. वाती सांगत होती, आमच्याकडे 'वी'ला दोन शब्द आहेत. ज्याच्याशी बोलतोय त्याला वगळायचं असेल तर कामी, त्याला धरायचं असेल तर किता. मारिसेलने हातातली पळी टाकली. "सेम! कामी, किता! सेम सेम!" परत किंचाळ्या, परत मिठ्या. त्यांना वाटलं ही जगावेगळी गोष्ट फक्त त्यांच्या बेटांवर आहे. या वेळी मात्र मला राहवलं नाही. मी म्हटलं, अगं बायांनो, यात काय एवढं? कामी म्हणजे आम्ही, किता म्हणजे आपण. आमच्याकडे शेंबडं पोरही हे चुकत नाही. चुकतात ते हिंदीवाले, त्यांचं सगळं 'हम'. इंग्रजांचं सगळं 'वी'. 'वी विल गो' म्हटलं की मी बॅग भरायची की यांना टाटा करायचा, कळायला मार्ग नाही. वातीने माझ्या ताटात तिचं एक पुतू जास्त वाढलं.

एवढं सगळं माहीत असून मी कशी फसले ते ऐका. घरमालकाला फ्लॅट रिकामा हवा झाला. खलास, महिनाअखेर निघा. मी कामाच्या गडबडीत दोन दिवस उशिरा येत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मारिसेल भुवया कोरता कोरता आरशातून म्हणाली, "वी फाउंड प्लेस. वी आर शिफ्टिंग फ्रायडे." वाती मागून म्हणाली, "व्हेरी नाइस किचन." मी "गुड, गुड" म्हटलं आणि कार लिफ्ट गाठायला पळाले. गाडीत बसल्यावर डोळ्यांत पाणीच आलं. शेजारचा पाकिस्तानी मेकॅनिक विचारतो, "सिस्टर, सब खैर?" काय सांगू त्याला? एका शब्दाने मला घराबाहेर काढलंय म्हणून?

आणि नेमका त्याच आठवड्यात दादाचा फोन. इकडचं तिकडचं झालं आणि म्हणाला, "आमी जुना घर पाडतंव. आमचा घर आता स्लॅबचा होतला." आनंदात होता तो. मी विचारलं, खोल्या किती? कशा? तो सांगत गेला, हॉल, देवघर, मुलाची खोली, आईची खोली. आमचा घर, दादा? त्याच घराच्या मागच्या पडवीत मी जन्मले रे! 'आपला' म्हणायला तुझ्या जिभेला काय झालं होतं? पण म्हटलं नाही. "छान होईल," म्हटलं. फोन ठेवल्यावर ती जुनी सकाळ आठवली. रिक्षा, पदर, आमी आसंव हंय. बरोबरच होतं की आईचं. ते होते तिथे. मी नव्हते. व्याकरणात एक चूक नाही.

मग माझं टाळकंच फिरलं. शारजाला एक बेडस्पेस बघून आले. एका खोलीत सहा बाया, स्वयंपाकाला मनाई. म्हटलं, बरं आहे, कोणाचं 'वी' ऐकायला नको. घरात कोणाशी बोलणं बंद. मारिसेलने विचारलं बरं नाही का, तर म्हटलं ऑफिस प्रॉब्लेम. वातीने चहा ठेवला, तो मी तसाच गार होऊ दिला. पोरकटपणा? असेल. माणसाला एकाच आठवड्यात दोन घरांतून वगळलं की पोरकटपणाच सुचतो.

गुरुवारी संध्याकाळी आले, तर त्या दोघी खोक्यांच्या ढिगात उभ्या. माझा तवा, माझी विळी, माझी जवळ्याची बरणी, सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरलेलं. मी भडकले. "माय थिंग्ज! व्हाय टचिंग?" वाती घाबरून म्हणाली, "टुमॉरो शिफ्टिंग, यू नो पॅकिंग, सो वी पॅकिंग." "यू शिफ्टिंग! नॉट मी!" मी ओरडले. "यू सेड वी, वी! विच वी?" आणि मग, रागाच्या भरात तोंडून मराठी निघेल असं वाटत असताना निघालं ते त्यांचंच. "कामी ऑर किता?"

मारिसेलला आधी उमगलं. तिने कपाळावर हात मारला, अगदी माझ्या आईसारखा. "किता!" ती ओरडली. "किता, किता, यू क्रेझी वुमन!" वाती तर रडायलाच लागली. म्हणे, तिने नवं घर घ्यायच्या आधी किचनला एक्झॉस्ट आहे का ते माझ्या जवळ्यासाठी मुद्दाम बघितलं होतं. आता याला काय म्हणायचं! मग मीही रडले आणि रडता रडता दोघींना झापलं, की इतके छान दोन शब्द जवळ असताना त्या मेल्या इंग्रजीत कशाला बोलता माझ्याशी? शारजाच्या बाईला फोन केला, बेडस्पेस नको, खलास.

तर हे नवं घर. पहिल्या सुट्टीच्या दिवशी तिघींनी मिळून पातोळ्या केल्या. हळदीची पानं मिळेनात, म्हणून केळीच्या पानांत. तांदळाचं पीठ, ओलं खोबरं, गूळ. मी दुकानात "गूळ" म्हटल्यावर वातीने साखर उचलली, कारण तिच्याकडे 'गुला' म्हणजे साखर. त्यावर दहा मिनिटं वाद. पान उलगडल्यावर मारिसेल म्हणाली, हे तर आमच्यासारखं. वाती म्हणाली, आमच्यासारखं. आता मी नादच सोडला आहे.

तेवढ्यात आईचा फोन आला. घर पाडायला घेतलंय, ती सध्या शेजारच्या काकींकडे राहते, धूळ फार, दादा ओरडतो. नेहमीप्रमाणे "जेवलंस काय गो?" मी उत्साहात म्हटलं, "आई, आम्ही आज पातोळ्या केल्या. आम्ही नवीन घरात आलो. आम्ही पुढच्या आठवड्यात..."

आईने मध्येच थांबवलं. मागे कोणाची तरी कोंबडी ओरडत होती.

"आमी म्हणजे कोण गो?" आई म्हणाली.

रागाने नाही. खरंच विचारत होती. आणि मी गडबडले, कारण ते 'आमी' कसं लागतं ते माझ्याइतकं कोणाला माहीत होतं! घाईघाईने सांगत सुटले, मारिसेल, फिलिपिन्सची, आणि वाती, इंडोनेशियाची, म्हणजे आई, आम्ही तिघी एकत्र...

"वाती? समयेतल्यो?"

"हो गं, समईतल्याच."

"आणि तेंका जवळो चलता?"

"दोघी खातात. एक्झॉस्ट आहे."

आईने इतका मोठा श्वास सोडला की मला इथे ऐकू आला. "बरा," ती म्हणाली. "म्हणजे तू एकटी नाय. मी इतकी वर्सा तां इचारूक भियत होतंय."

इतकी वर्षं! ती तिकडे मी एकटी आहे म्हणून घाबरलेली, मी इकडे तिच्या 'आमी'वर रुसलेली, आणि बोललो काय, तर जेवलंस काय. तुम्ही जे मागे राहिलात आणि तुम्ही जे निघून आलात, त्या सगळ्यांना हात जोडून सांगते, निदान एकदा विचारा. मला हुंदका आला. तो तिला कळू नये म्हणून मी म्हटलं, घर पूर्ण झालं की फोटो पाठवा.

"फोटो कशाक?" आई म्हणाली. "चतुर्थीक ये. आपल्या घराचो उंबरो आपण मिळान पुजूया. तुज्याशिवाय नाय पुजूचंय मी."

आपल्या. आपण. तिला काही वेगळं बोलल्याचं जाणवलंही नसेल. फोन ठेवून मी खोलीतच बसून राहिले. तोवर किचनमध्ये परत जुंपलेली. पुतो, पुतू, पुतो, पुतू. तेवढ्यात वातीने हाक मारली, "यल्ला! किता माकान!" चला, आपण जेवू.

किता म्हणाली होती ती. मग काय करते, डोळे पुसले आणि गेले.